नाताळच्या सुट्टीत वाचायला रक्तपात नसलेली रहस्यकथा आणि एक ऐतिहासिक कादंबरी सुचवा (आईला वाचून दाखवायची आहे)

निफाडची_केतकी | १० डिसेंबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी,

आमचं ऑफिस २४ डिसेंबर ते १ जानेवारी बंद असतं. यंदा कुठेही फिरायला न जाता सगळी सुट्टी निफाडला माहेरी काढायची ठरवली आहे. डिसेंबरअखेर तिकडे काय थंडी पडते ते नाशिककरांना सांगायला नको. दुपारी गच्चीवर ऊन खात आणि रात्री रजईत शिरून वाचायचं, एवढाच बेत आहे.

आई ७२ वर्षांची आहे. बारीक टाइप तिला आता जमत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचते आणि ती ऐकते. आम्हाला हवं आहे ते असं:

एक रहस्यकथा. रक्ताचे पाट, विकृत खुनी, पोरीबाळींवरचे अत्याचार यातलं काही नको. इंग्रजीत कोझी मिस्टरी म्हणतात त्या जातीची, म्हणजे गाव, शेजारीपाजारी, चहा आणि डोकं चालवणारा कुणीतरी.

एक ऐतिहासिक कादंबरी. पानोपानी लढाया आणि तहाची कलमं नकोत. त्या काळची घरं, माणसं, प्रवास, खाणंपिणं दिसलं पाहिजे. शक्यतो फार दुःखी नको.

आईसाठी मराठीच. माझ्यापुरतं एखादं इंग्रजी चालेल. बजेट सगळं मिळून १००० रुपये.

स्वामी, श्रीमान योगी, मृत्युंजय, छावा, पानिपत आणि राऊ घरी आहेत, वाचून झाली आहेत. कृपया ती सुचवू नका.

सह्यवेडा | १० डिसेंबर, रात्री १०:१०

घरी आहे म्हणालात तरी सांगतो, 'स्वामी' परत घ्या हातात. सत्ताविसाव्या वर्षी गेलेला पेशवा माधवराव आणि त्याच्यामागे सती गेलेल्या रमाबाई. मी शेवटची प्रकरणं थेऊरला देवळाच्या ओवरीत बसून वाचली होती. समोर मुळा-मुठा वाहते आहे आणि पुस्तकात १७७२ चा तो कार्तिक चालू आहे. पुस्तक असं त्या जागी जाऊन वाचावं. आईंना गाडीत घाला आणि थेऊरला या.

मंजू_मिनेसोटा | १० डिसेंबर, रात्री १०:४४

केतकी, इथे उणे वीसच्या खाली पारा गेला की मी दरवर्षी ब्रदर कॅडफेल काढते. तुझ्या दोन्ही अटी एकाच पुस्तकात बसतात. बाराव्या शतकातलं इंग्लंड, स्टीफन आणि मॉड यांची गादीसाठी यादवी चालू आहे आणि श्रूजबरीच्या मठात हा कॅडफेल औषधी वनस्पती लावतो, काढे आणि मलमं करतो. तरुणपणी क्रुसेडमध्ये लढून आलेला असल्यामुळे जग पाहिलेला माणूस आहे. लेखिका एलिस पीटर्स, हे एडिथ पार्जेटर यांचं टोपणनाव. १९७७ ते १९९४ या काळात वीस कादंबऱ्या आल्या. थंडीच्या हव्या असतील तर 'द व्हर्जिन इन द आइस' (११३९ चा हिवाळा) किंवा 'द रेव्हन इन द फोरगेट' (११४१ चा नाताळ). मी वाचनालयाच्या लिबी ॲपवरून फुकट वाचते.

डोंबिवली_फास्ट | १० डिसेंबर, रात्री ११:०२

मंजूताई, त्यांनी आईंसाठी मराठी मागितलंय. आणि लिबी इथल्या बहुतेक वाचनालयांना नाही हो.

केतकी, डोळे मिटून फेलूदा घ्या. सत्यजित राय यांच्या गोष्टी, अशोक जैन यांचा मराठी अनुवाद, रोहन प्रकाशन. मी पूर्ण संच घेतला आणि आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांतून तो फिरून आला. गुप्तहेर फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू ऊर्फ जटायू असे तिघं सतत प्रवासात असतात. लखनौ, जैसलमेर, काठमांडू. थंडीचे दिवस, गरम चहा, हॉटेलचा व्हरांडा आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी संशयास्पद. राय यांनी या गोष्टी मुळात 'संदेश' ह्या मुलांच्या मासिकासाठी लिहायला घेतल्या (पहिली १९६५ ची), त्यामुळे घाण काही नाही. पूर्ण संचच घ्या, सुटी पुस्तकं घेतलीत तर नंतर हळहळाल.

निफाडची_केतकी | १० डिसेंबर, रात्री ११:१५

पूर्ण संच १००० मध्ये बसेल का?

डोंबिवली_फास्ट | १० डिसेंबर, रात्री ११:२१

नाही बसणार. पण घ्याच.

वाचस्पती | ११ डिसेंबर, सकाळी ७:३०

मूळ धाग्यात ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या यादीत 'मृत्युंजय' घातली आहे. ती ऐतिहासिक नाही, पौराणिक आहे. कर्ण हा महाभारतातला. 'छावा' ऐतिहासिक. लेखक एकच असला तरी वर्ग वेगळा.

अरुणकाका_ठाणे | ११ डिसेंबर, सकाळी ८:०५

आजकाल सगळे परदेशी आणि बंगाली डिटेक्टिव्ह सुचवतात. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकर होऊन गेले हे कुणाच्या लक्षात नाही. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू! आमच्या चाळीत एक पुस्तक वाचनालयातून आलं की संध्याकाळपर्यंत पाच जणांच्या हातातून जायचं, आणि आम्ही पोरं जिन्यात बसून शेवटची पानं आधी कोण वाचतो यावरून भांडायचो. छोटी पुस्तकं, सोपी भाषा, दुष्टाला शासन. पानभर निसर्गवर्णन नाही. ताईंनी मातोश्रींना नुसतं 'झुंजार' म्हणून पाहावं, त्यांच्या पिढीला पुढचं सांगावं लागणार नाही.

सई_सातारा | ११ डिसेंबर, सकाळी ९:४०

फेलूदा घ्या. मराठीत अनुवाद आहे. छान आहे.

रानजाई | ११ डिसेंबर, सकाळी १०:१२

@वाचस्पती, कर्णावरची कादंबरी 'ऐतिहासिक'च्या कपाटात ठेवणारी कितीतरी दुकानं आहेत. वाचकाला काय फरक पडतो?

वाचस्पती | ११ डिसेंबर, सकाळी १०:३०

वाचकाला फरक पडतो. माधवरावांची पत्रं दफ्तरात आहेत. पत्राला सोडून लिहिलं तर लेखकाला जाब विचारता येतो. कर्णाच्या बाबतीत कशाच्या आधारावर विचारणार? 'ययाति' वाचणारा माणूस इतिहास शोधत नसतो.

गडकरी_पोर | ११ डिसेंबर, सकाळी १०:४१

मग 'छावा'तले सगळे संवाद दफ्तरात आहेत का?

वाचस्पती | ११ डिसेंबर, सकाळी १०:५५

संवाद नसतात, घटना असतात. तोच मुद्दा आहे.

(या विषयावरचे पुढचे १४ प्रतिसाद 'पौराणिक की ऐतिहासिक' या वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

वकिलीणबाई | ११ डिसेंबर, दुपारी १:२०

केतकी, तुझ्या इंग्रजी पुस्तकासाठी सांगते. सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल', २०१८. १९२१ ची मुंबई, परवीन मिस्त्री नावाची पारशी वकील मुलगी. कोर्टात उभं राहू देत नाहीत म्हणून वडिलांच्या फर्ममध्ये कागदपत्रं सांभाळते. एका गिरणीमालकाच्या तीन पडदानशीन विधवांच्या मिळकतीचं प्रकरण तिच्याकडे येतं. पुरुष वकिलाला त्या भेटू शकत नाहीत, जाळीपलीकडे फक्त हीच जाऊ शकते. रहस्य इथून सुरू होतं. खून आहे, पण हात राखून लिहिलाय. परवीनच्या लग्नाचा भाग मात्र जड जातो, ते आधीच सांगून ठेवते.

हे पात्र कॉर्नेलिया सोराबजींवरून सुचलं आहे, आणि कॉर्नेलिया जन्मल्या तुमच्या नाशिकला, १८६६ साली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या बाई. पडदानशीन बायकांच्या मालमत्तेसाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं. वकिली शिकत असताना मला त्यांचं नाव कुणीही सांगितलं नव्हतं, ते मला एका रहस्यकथेमुळे कळलं, याचं अजून वाईट वाटतं.

पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाच. दुसरं आधी घेऊ नकोस, पहिल्यातलं सगळं कळून जातं.

इराणी_चहा | ११ डिसेंबर, दुपारी १:५८

वकिलीणबाईंशी असहमत. मलबार हिलच वाचायचं तर वसीम खान यांचं 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' वाचा. नाताळच्या सुट्टीला हेच जुळतं, कारण गोष्ट सुरूच होते ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री. पर्सिस वाडिया ही देशातली पहिली बाई इन्स्पेक्टर, तिला अडगळीतल्या चौकीवर टाकलंय आणि फोन वाजतो तेव्हा ड्युटीवर तीच असते. प्रजासत्ताक व्हायला महिनाही राहिलेला नाही, फाळणीच्या जखमा ओल्या आहेत. तिच्या वडिलांचं पुस्तकांचं दुकान आहे, त्याची वर्णनं मी दोनदा वाचली. ऐतिहासिक रहस्यकथेचा ब्रिटनमधला डॅगर पुरस्कार २०२१ मध्ये याला मिळाला.

वकिलीणबाई | ११ डिसेंबर, दुपारी २:१५

पुस्तक चांगलं आहे, पण ते कोझी नाही. फाळणीतल्या कत्तलींचा धागा आहे त्यात. तिने काय मागितलं ते बघा.

नारळीपौर्णिमा | ११ डिसेंबर, दुपारी ३:३०

हलकंच हवं असेल तर हरिणी नागेंद्र यांचं 'द बँगलोर डिटेक्टिव्हज क्लब'. १९२१ चंच साल पण बंगळुरू. कावेरीचं नुकतंच लग्न झालंय, नवरा डॉक्टर, तिला गणितात रस, आणि सासूच्या धाकात राहून चोरून अभ्यास करते. लेखिका पर्यावरणशास्त्राच्या प्राध्यापक असल्यामुळे झाडं, तळी, बंगल्यांच्या बागा फार जिवंत उतरल्यात. शेवटी पाककृतीसुद्धा दिल्या आहेत. माझ्या लेकीने आणि मी दोघींनी वाचलं.

बिट्टू_द_ग्रेट | ११ डिसेंबर, संध्याकाळी ६:०३

व्योमकेश बक्षी वाचा! दूरदर्शनवर लागायचं ते. त्यातली ग्रामोफोनच्या पिनेची गोष्ट भारी आहे, त्यात खुनी जो असतो ना तो (रहस्य उघड करणारा मजकूर काढला आहे – संपादक)

डोंबिवली_फास्ट | ११ डिसेंबर, संध्याकाळी ६:०९

अहो काय हे! मी वाचून टाकलं की ते.

मुळामुठा | ११ डिसेंबर, संध्याकाळी ७:२६

व्योमकेशचा विषय निघालाच आहे तर पुणेकरांनी अभिमानाने सांगावं असं काही. व्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते. त्याआधी मुंबईत सिनेमासाठी पटकथा लिहीत. व्योमकेश कलकत्त्यात फिरतो, पण त्याच्या उत्तरार्धातल्या कितीतरी गोष्टी पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. आणि या माणसाने बंगाली मुलांसाठी शिवाजी महाराजांच्या काळातल्या गोष्टी लिहिल्या. त्यांचा नायक सदाशिव, एक मावळी पोर, गाव सोडून महाराजांच्या फौजेत जातो. बंगालमध्ये बर्गी (म्हणजे पूर्वी तिकडे लूट करणारे मराठा बारगीर) म्हटलं की अजूनही अंगाईत भीती घालतात, तिथल्या मुलांना एक मराठी पोर आवडता करून दिला त्यांनी. आपल्याकडे या गोष्टी घरोघरी असायला हव्या होत्या.

व्योमकेशच्या निवडक कथांचा श्रीजाता गुहा यांनी केलेला इंग्रजी अनुवाद पेंग्विनने काढला आहे. खून आहेत, पण व्योमकेश, अजित आणि सत्यवती यांचं घर, चहा, वर्तमानपत्र यातच बरीचशी गोष्ट घडते. अजून एक, व्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो.

टेक_सह्याद्री | ११ डिसेंबर, रात्री ८:४०

पुस्तकं कशाला घेता? ई-रीडर घ्या. एकदाच खर्च. आईंना अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, डोळ्यावर प्रकाश येत नाही. मी बाबांना घेतला, ते आता रात्री दिवा मालवून वाचतात. मराठी पुस्तकं भरपूर मिळतात. किंडल पेपरव्हाइटच्या खालचं काही घेऊ नका.

निफाडची_केतकी | ११ डिसेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे खूप आभार, वाचते आहे. बजेट १००० आहे, ते कृपया लक्षात असू द्या. आणि आईला ऐकायचंय, त्यामुळे मोठ्या अक्षरापेक्षा मोठ्याने वाचायला चांगली भाषा असणं महत्त्वाचं.

टेक_सह्याद्री | ११ डिसेंबर, रात्री ९:२२

मग ऑडिओबुकची वर्गणी भरा.

देवरुखची_सुमन | ११ डिसेंबर, रात्री ९:५०

ऑनलाइन मागवणार असाल तर विक्रेता कोण आहे ते नीट बघा. मी सवलत बघून एका ठिकाणाहून नावाजलेली कादंबरी मागवली. आली ती झेरॉक्सवरून छापलेली प्रत. मुखपृष्ठ फिकट, कागद पातळ, मागचं अक्षर पुढे दिसतं, आणि मधली सोळा पानं उलटी शिवलेली. ऐन रंगात आलेलं असताना पुस्तक उलटं धरून वाचायची वेळ आली. परत घेतो म्हणाले, पण घ्यायला कुणी आलं नाही. लेखकाला यातला एक पैसा मिळत नाही. थोडे जास्त गेले तरी प्रकाशकाकडून किंवा दुकानातून घ्या.

बिट्टू_द_ग्रेट | ११ डिसेंबर, रात्री १०:०१

पीडीएफ आहेत माझ्याकडे, कुणाला हवी असतील तर सांगा.

देवरुखची_सुमन | ११ डिसेंबर, रात्री १०:०४

मी आत्ता काय लिहिलं?

संपादक | ११ डिसेंबर, रात्री १०:३०

स्वामित्वहक्क असलेल्या पुस्तकांच्या पीडीएफची देवाणघेवाण या संस्थळावर चालत नाही.

कथेकरी | १२ डिसेंबर, सकाळी ६:४५

मोठ्याने वाचायचंय हा मुद्दा सगळ्यांनी सोडून दिलाय, म्हणून लिहितो. मी वृद्धाश्रमात दर शनिवारी वाचून दाखवतो. डोळ्यांना आवडणारं पुस्तक कानाला आवडेलच असं नसतं. पात्रं फार असली की ऐकणारा माणूस 'हा कोण?' विचारत राहतो. अगाथा ख्रिस्तीच्या मोठ्या कादंबऱ्या याच कारणाने वाचून दाखवायला अवघड जातात. दहा संशयित, दहा नावं. (तिचे मराठी अनुवाद आपले मधुकर तोरडमल, म्हणजे रंगभूमीवरचे प्रोफेसर बारटक्के, यांनीही केले आहेत. एकट्याने वाचायला छान.)

ऐकवायला रहस्यकथा घ्यावी ती एका बैठकीत संपणारी. नाताळाचीच हवी असेल तर शेरलॉक होम्सची निळ्या माणकाची गोष्ट, 'द ब्लू कार्बंकल', जानेवारी १८९२ च्या स्ट्रँड मासिकातली. नाताळनंतर दोन दिवसांनी वॉटसन होम्सकडे जातो तर तो एक जुनाट टोपी समोर ठेवून बसलेला असतो. त्या टोपीवरून तिच्या मालकाचा अख्खा संसार सांगतो, हा भाग ऐकवताना आमच्या आजीलोकांना फार मजा येते, प्रत्येकीला आपलाही अंदाज सांगायचा असतो. गोष्टीत एकही खून नाही. चोरलेलं रत्न नाताळच्या जेवणासाठी आणलेल्या हंसाच्या अन्नपिशवीत सापडतं, आणि तो हंस कुठून आला याचा माग काढत लंडनच्या थंडीत दोघं रात्रीचे फिरतात. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला आहे, जुन्या वाचनालयात मिळेल.

ऐतिहासिकात गोनीदां, म्हणजे गो. नी. दांडेकर. त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वीणा देव आणि त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं केलं, ते उगीच नाही. ती मावळी बोली तोंडातून बाहेर पडली की घर, गोठा, गडाची वाट सगळं समोर येतं. 'बया दार उघड'पासून सुरू करा.

डॉ_पशुमित्र | १२ डिसेंबर, सकाळी ८:१५

अवांतर: कोंबडीला असते तशी ठळक अन्नपिशवी बदक आणि हंस यांना नसते, त्यांची अन्ननलिकाच तेवढी रुंद होते. होम्सच्या चाहत्यांमध्ये यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. बाकी गोष्ट उत्तम.

अरुणकाका_ठाणे | १२ डिसेंबर, सकाळी ८:४०

झुंजारमध्ये असली चूक सापडायची नाही.

बखरवाला | १२ डिसेंबर, दुपारी १२:२०

नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' कुणीच कशी सुचवली नाही? अठराव्या शतकातला एक बातमीदार हेर स्वतःची कहाणी बखरीच्या भाषेत सांगतो. पार बंगालपर्यंत फिरतो आणि मोठ्या माणसांकडे खालून बघतो. सरदारांच्या तंबूत काय ठरलं यापेक्षा तंबूबाहेर उभ्या माणसाला त्या दिवशी जेवायला मिळालं का, हे त्याला महत्त्वाचं वाटतं. तुम्ही मागितलेली माणसं, प्रवास, खाणंपिणं सगळं आहे. अंताजी जरा मोकळाढाकळा बोलतो, आईंसमोर वाचताना काही परिच्छेद मनातच वाचावे लागतील.

रहस्यही हवं असेल तर आपल्या इतिहासातलं सगळ्यात मोठं रहस्य घ्या. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवराव भाऊ गेले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही, सौभाग्याचं लेणं उतरवलं नाही. आणि काही वर्षांनी एक माणूस उभा राहिला, मीच भाऊ म्हणून. १७७६ मध्ये कोकणात त्याच्यामागे किल्ले आणि फौज जमली होती. पकडून पुण्यात मारला त्याला. ना. सं. इनामदारांची 'शिकस्त' पार्वतीबाईंवर आहे. कादंबरी म्हणून अव्वल, पण सुट्टीत घेऊ नका. घरात सुतक असल्यासारखं वाटतं.

सह्यवेडा | १२ डिसेंबर, दुपारी १२:५०

बरोबर, 'शिकस्त' नको. 'स्वामी' घ्या.

मंजू_मिनेसोटा | १२ डिसेंबर, दुपारी १:३३

'शिकस्त' मी सासूबाईंना वाचून दाखवायला घेतली होती, आम्ही दोघी रडून बेजार. नाताळात नको.

सई_सातारा | १२ डिसेंबर, दुपारी ४:००

हो, दुःखी आहे ती. फेलूदा घ्या.

डोंबिवली_फास्ट | १२ डिसेंबर, दुपारी ४:१८

फेलूदाच घ्यायचा आणि बजेट सोडायचं नसेल तर निदान वेरूळची गोष्ट असलेलं एक पुस्तक घ्या. भुवनेश्वरच्या राजाराणी देवळातल्या यक्षीचं शिर चोरीला जातं आणि त्याचा माग काढत तिघं कैलास लेण्यापाशी येतात. जुनी शिल्पं फोडून विकणाऱ्यांवर राय यांचा खरा राग आहे, तो वाचताना कळतो. पुस्तक संपवून तुम्ही सगळे गाडी काढून वेरूळला जाऊ शकता.

गोदाकाठ | १२ डिसेंबर, रात्री ८:०५

विकत घ्यायचा एवढा आग्रह कशाला? नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून चालू आहे. जुनी ऐतिहासिक कादंबरी आणि जुनी रहस्यकथा तिथे नाही मिळाली तर कुठे मिळणार? अनामत आणि वर्गणी भरली की झालं. शिवाय दिवाळी होऊन गेल्यामुळे दिवाळी अंकही मोकळे झालेले असतात. 'धनंजय' हा रहस्यकथांसाठीच ओळखला जाणारा दिवाळी अंक आहे, एका अंकात सुट्टी निघते. कुणी पुण्याहून येणार असेल तर फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरू लागलाय, त्याच्या तारखा बघून ठेवा. पुस्तक हातात घेऊन, टाइप बघून घेता येतं.

निफाडची_केतकी | २१ डिसेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते सांगते.

हा धागा मी आईला फोनवर वाचून दाखवला. पार्वतीबाईंचं नाव आलं तिथे तिने थांबवलं. 'पानिपत' आमच्याकडे तीन वेळा वाचून झालंय आणि दर वेळी तिचा एकच प्रश्न असतो, मागे राहिलेल्या बायकांचं पुढे काय झालं. "रडू आलं तर येऊ दे, मला बाईचं पुढचं ऐकायचंय," म्हणाली. त्यामुळे तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलेली 'शिकस्त' आम्ही वाचणार आहोत. सावानातून भावाने आणून ठेवली आहे. जुनी प्रत आहे, पानं पिवळी झाली आहेत पण टाइप चांगला ठसठशीत आहे. आधीच्या कुणीतरी नातेसंबंध समजावेत म्हणून पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पेशव्यांची वंशावळ काढून ठेवली आहे.

कथेकरी काका, निळ्या माणकाची गोष्ट २७ तारखेला रात्री वाचणार, नाताळनंतरचा दुसरा दिवस म्हणून. टोपीचा भाग आला की थांबून सगळ्यांना अंदाज सांगायला लावणार आहे. भाचाही येतोय.

माझ्यासाठी मॅसी यांचं दुसरं पुस्तक घेतलं, 'द सातापूर मूनस्टोन'. वकिलीणबाई, तुम्ही क्रमाने वाच म्हणाला होतात, पण मला सह्याद्रीतलं छोटं संस्थान, राजवाडा आणि कोल्हापूरच्या पोलिटिकल एजंटचा कारभार हेच वाचायचं होतं. पहिलं नंतर वाचेन. फेलूदाचं वेरूळवालं पुस्तक भाच्याला दिलंय. सगळं मिळून १००० च्या आत बसलं.

वकिलीणबाई | २१ डिसेंबर, रात्री १०:४८

पहिलं आधी वाचायला हवं होतं गं. पण दुसऱ्यातला घाट आणि पाऊस खरंच सुंदर आहे. पालखीतून ती संस्थानात जाते तो प्रवास सावकाश वाच.

बखरवाला | २१ डिसेंबर, रात्री ११:१०

आईंना नमस्कार सांगा. 'शिकस्त' संपली की न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' नाटक सावानात शोधा. त्याच प्रकरणावर आहे आणि मोठ्याने वाचायला नाटकासारखं दुसरं काही नाही. भाच्याला तोतयाची भूमिका द्या.

सई_सातारा | २२ डिसेंबर, सकाळी ९:०५

हा धागा आत्ता पुन्हा पाहिला. माझ्या बहिणीलाही अशीच पुस्तकं हवी आहेत, पण तिला फक्त ५०० रुपयांत. कुणी सुचवेल का?

डोंबिवली_फास्ट | २२ डिसेंबर, सकाळी ९:०७

फेलूदाचा पूर्ण संच.